सोनेरी ताटलीतला घास

माझी मामी रागीट आहे म्हणणं म्हणजे विस्तवाला कोमट म्हणणं झालं. एका मोठ्या हॉलच्या भांडारात ती बावीस वर्षं होती, आणि त्या बावीस वर्षांत तिचं बोलणं खाल्ल्याशिवाय त्या दारातून एक चमचाही बाहेर गेला नाही.

हॉल दुमजली. खाली एक जेवणाची जागा, वर दुसरी. मागं स्वयंपाकघर, त्याच्याही मागं भांडी धुवायची बेसिनं, आणि दोन्हीच्या मधे मामीची खोली. खोलीला खिडकी नाही. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बारा-बाराच्या चळती, दोन ताटल्यांच्या मधे कागदाचा तुकडा. किल्ली मामीच्या कमरेला. नोकरी विचारली की ती सांगायची, "ताटल्या सांभाळते." ऐकणारा हसायचाच. ताटल्या काय पळून जातात? मामी म्हणायची, "पळत नाहीत, नासतात. माणसाच्या हातात गेलं की सगळंच नासतं."

गावात होती तेव्हा तिनं तीनच भांडी पाहिली होती: ताट, वाटी, पेला. जे वाढलं ते त्यात, आणि मुकाट जेवायचं. इथं आली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं पाव ठेवायच्या छोट्या प्लेटीत सूप ओतून दिलं. तेव्हाच्या भांडारवाल्या म्हाताऱ्यानं सगळ्यांदेखत तिचा पाणउतारा केला. त्या दिवशी मामीला जो राग आला तो आजवर उतरलेला नाही. फरक एवढाच, की म्हातारा गेला, खोली मामीकडं आली, आणि तोच राग तिनं पुढच्यांना वाटून द्यायला सुरुवात केली.

नवा वाढपी आला की त्याला दारात उभं करून ती एकेक ताटली नाकासमोर धरायची.

"ही फुल प्लेट. मुख्य जेवण हिच्यात. ही हाफ. सॅलड, नाहीतर गोड. ही क्वार्टर, पाहुण्याच्या डाव्या हाताला, पावासाठी. उष्टं टाकायला नाही. ही खोलगट ती सूप प्लेट. हिचा काठ एवढा रुंद का, सांग?"

"दिसायला बरं म्हणून?"

"तुझा अंगठा सूपमध्ये बुडू नये म्हणून! आता ही बघ, मेलामाइन. पडली तर फुटत नाही, पण भट्टीत चालत नाही. हिला भट्टीत घालणाऱ्याला मी भट्टीत घालीन. समजलं? नाही समजलं तर आत्ताच घरी जा, दुपारचं जेवण तरी वाचेल."

प्रत्येक ताटली आत घेताना ती बोटाच्या पेरानं तिच्या काठावर टकटक करायची. नीट असली तर ताटली खणकते, आत तडा गेलेला असला तर बदबदते. डोळ्याला न दिसणारा तडा मामीच्या कानाला कळायचा. आणि या कानाचा तिला माज होता. सरळ शब्दात सांगतो, माजच. पुढं जे झालं त्यात त्या माजाचाही वाटा आहे.

मालकांचे गुडघे गेले तसा त्यांचा जावई हॉल बघायला लागला. आधी तो फर्निचरच्या शोरूममध्ये होता. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे, माघारी जावईबापू. माणूस वाईट होता असं मामीही म्हणत नाही. ती म्हणते, "खुर्च्या विकणारा होता. गिऱ्हाईक बसेपर्यंतच त्याला काळजी." जेवण कसं झालं यापेक्षा टेबल फोटोत कसं दिसतं याकडं त्याचं लक्ष. पडदे बदलले, वाढप्यांना काळी जाकिटं घातली, आणि एके दिवशी टेम्पो भरून दीडशे सोनेरी ताटल्या आणल्या.

शो प्लेटा त्या. काचेच्या, वरून सोनेरी रंगाचा थर, फुल प्लेटीपेक्षा चार बोटं मोठ्या. पाहुणे यायच्या आधी प्रत्येक खुर्चीसमोर एक मांडायची. तिच्यावर सूप प्लेट ठेवायची, सूप झालं की ती उचलून फुल प्लेट ठेवायची. सोनेरी ताटली आपली खाली तशीच. तिच्यात कुणी काही वाढत नाही.

"म्हणजे काम काहीच नाही," मामी म्हणाली. "टेबलावर आयतं बसायचं आणि चमकायचं. हिचं नाव जावईच ठेवा."

बेसिनावरच्या बायका हसून हसून लोळल्या. ते कुणीतरी वर पोचवलं. तेव्हापासून जावईबापूंच्या डोळ्यात मामी सलली ती सललीच.

मामीनं दीडशेच्या दीडशे वाजवून घेतल्या. छान खणकल्या. मग तिनं आपल्या नेहमीच्या नियमानं धुण्यावरच्या बाईला हुकूम सोडला. ही बाई उंच, म्हणून तिला सगळे लांबी म्हणत. "मागं चिकटवलेलं सगळं सोलून काढ. त्या गोंदात घाण बसते." लांबीनं दोन दिवस कोमट पाण्यात ताटल्या भिजवून दीडशे स्टिकर सोलले. मामीनं त्यातल्या एकाकडंही बघितलं नाही. वाजवून पास केलेल्या ताटलीबद्दल कागद काय वेगळं सांगणार?

महिनाभरानं एका पाहुण्यानं पिळलेली लिंबाची फोड अशाच एका ताटलीच्या काठावर ठेवली. टेबल आवरताना मामीनं फोड उचलली तर तिच्या पोटाला सोनं लागलेलं, आणि ताटलीवर फोडीएवढा पांढरा डाग. मामीनं ती फोड तशीच नेऊन जावईबापूंच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, हा रंग सुटतो. आंबट लागलं की सुटतो. या ताटल्यांना अन्न लागता कामा नये."

"अन्न लागतंच कुठं त्यांना? शोभेच्या आहेत."

"तेच म्हणते. शोभेच्याच राहू द्या."

"बरं बरं," जावईबापू म्हणाले, आणि फोड कचऱ्यात गेली.

आता तो रविवार. वरच्या मजल्यावर एका कंपनीचं दोनशे माणसांचं जेवण, उभ्यानं घ्यायचं. खाली निवृत्त नर्सबायांचा मेळावा, एकशे दहा जणी, टेबलावर बसून. दोन्ही एकाच दुपारी. मामीनं आठवडाभर आधी सांगितलं होतं, की फुल प्लेटा दोनशे चाळीस आहेत, दोन पंगती एका वेळेला निघणार नाहीत. जावईबापूंनी हाताच्या इशाऱ्यानं तिला उडवून लावलं होतं. वरचे लोक उभ्यानं जेवणारे. एक प्लेट कुठल्यातरी कोपऱ्यात ठेवायची, दुसरी घ्यायची, बोलता बोलता ती हरवायची, तिसरी घ्यायची. साडेबाराला खोलीत स्वच्छ फुल प्लेटा उरल्या सोळा. खाली एकशे दहा बाया सोनेरी ताटल्यांसमोर बसलेल्या, आणि स्वयंपाकघरात मुख्य आचारी वस्तादांचं सूप तयार, भात तयार, टोमॅटोची आंबट ग्रेव्ही रटरटतेय.

जावईबापू धावत आले. मामी सांगते, त्यांच्या कपाळावर घाम नव्हता, नळ सुटला होता.

"सूप द्या, आणि सूप प्लेटा उचलल्या की भात-ग्रेव्ही थेट सोनेरी प्लेटीत वाढा. मोठ्याच आहेत त्या. उलट झकास दिसेल."

मामी दारात उभी राहिली. "नाही."

"काय नाही?"

"त्यांच्यात अन्न जाणार नाही. लिंबाची फोड दाखवली होती तुम्हाला. ही ग्रेव्ही लिंबाची आई आहे. एकशे दहा बायांच्या पोटात रंग घालायचाय?"

"मामी, तुम्ही भांडी सांभाळता. हॉल मी सांभाळतो."

"हॉलमध्ये जेवतात ते भांड्यातच ना?"

"लिहिलंय का कुठं त्यांच्यावर?" जावईबापूंचा आवाज चढला. "एक तरी प्लेट उलटी करून दाखवा. जेवणासाठी नाही असं कुठं लिहिलंय? तुम्हीच तपासून घेतल्या ना? दीडशे वाजवल्यात ना?"

मामीनं चळतीतली एक ताटली उलटी केली. मागं काही नाही. आरशासारखी साफ. तिनं दुसरी उलटली. तीही साफ. तेवढ्यात मागून बेसिनावरची लांबी हात पुसत आली आणि मामीच्या कानाशी लागली.

"मामी, त्याच्यावर चित्र होतं की हो."

"कशावर?"

"मी सोललं त्याच्यावर. काटा आणि चमचा काढलेला, आणि वर लाल फुली."

"मग बोलली का नाहीस गं तेव्हा?"

"मला वाटलं काट्याचमच्यांबरोबर धुवू नका म्हणतायत. म्हणून तर मी एवढे दिवस त्या वेगळ्या धुतेय."

मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावईबापूंवर होती त्याहून जास्त आग आता स्वतःवर. बावीस वर्षं लोकांना ताटल्यांची नावं शिकवली, आणि जी ताटली स्वतः बोलत होती तिचं तोंड आपल्याच हुकमानं सोलून टाकलं! लांबीवर ओरडायचीही सोय नव्हती. लांबीनं तर सांगितलं तेच केलं होतं, वर काळजीनं केलं होतं.

"दाखवा ना लिहिलेलं," जावईबापू पुन्हा म्हणाले. "नाही ना? मग सरका."

"होतं," मामी म्हणाली. "मी सोलायला लावलं. चूक माझी."

"वा! म्हणजे कबूल! सरका आता."

मामी सरकली. वस्तादांना वाटलं, बाई नमली. पण ती सरळ स्वयंपाकघरात गेली, एक सोनेरी ताटली ओट्यावर आपटली. वस्तादांच्या हातातला डाव काढून घेतला. ताटलीत भात घातला, भातावर दोन डाव गरम ग्रेव्ही ओतली, बाजूला लिंबू पिळलं, आणि ती ताटली, काटा आणि चमचा जावईबापूंसमोर ठेवला.

"जेवा."

"हे काय?"

"जेवण. तुमच्याच हॉलचं. पहिला घास तुम्ही घ्या. तुम्ही घेतलात की मी स्वतः एकशे दहा ताटं वाढते. बावीस वर्षांत मी कुणाला असा शब्द दिला नाही."

स्वयंपाकघरात सगळे थांबले. वाढपी ट्रे घेऊन उभे. वस्ताद शेगडीजवळ. लांबी दारात. वरून कंपनीवाल्यांची गाणी ऐकू येत होती तेवढीच.

"मामी, तमाशा नको. वेळ नाहीये."

"घासाला किती वेळ लागतो? अर्धा मिनिट."

जावईबापूंनी चमचा उचलला. उचलला हे खरं, मामीसुद्धा तेवढं श्रेय देते. चमचा भातात घातला, भात सरकवला, आणि चमच्याचं टोक ताटलीला घासलं. ग्रेव्हीच्या कडेला एक सोनेरी साय तरंगून आली. नखाएवढी. तिच्याकडं सगळ्यांनी बघितलं, आणि सगळ्यात जास्त जावईबापूंनी.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला आत्ता भूक नाही."

"आणि त्या एकशे दहा जणींना आहे," मामी म्हणाली. तिचा आवाज इतका खाली आला होता की वस्तादांना भीती वाटली. मामी ओरडते तोवर ठीक असतं. "त्या बायकांनी, कुणाकुणाच्या आयांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं दुखणं उपसलं, आणि तुम्हाला नको ते आता त्यांनी गिळायचं? तुमच्या पोटाला कातडं, आणि त्यांच्या काय पत्रा आहे?"

जावईबापू वरच्या मजल्याकडं निघून गेले. ताटली तशीच राहिली.

मग मामी ओरडायला लागली, आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

"चहाचे कप काढा! सगळे! सूप कपात जाईल. खाली बशी, बशीत चमचा. सूप प्लेटा मोकळ्या ठेवा, भात-ग्रेव्ही खोलगट प्लेटीत. एकशे वीस आहेत, पुरतात. सॅलड क्वार्टरमध्ये, पाव हाफमध्ये, उलटं झालं तर झालं, आज माफ! टेबलावरच्या सोनेरी उचला. एकही राहता कामा नये. आणि तुझा अंगठा बाहेर ठेव रे!"

वीस मिनिटांत जेवण गेलं. गरम गेलं, चांगलं गेलं, पण दिसायला कसं दिसलं असेल ते तुम्हीच डोळ्यासमोर आणा. सजवलेली टेबलं, फुलं, इस्त्रीचे रुमाल, आणि माणसं चहाच्या कपातून सूप पितायत. फुल प्लेटीत पसरून खायचा भात खोलगट ताटलीत ढिगासारखा. जेवण संपल्यावर चहा मागितला तर कप बेसिनात, सुपानं बरबटलेले. चहा पाऊण तास उशिरा.

नर्सबायांच्या पुढारी एक मेट्रनबाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या. त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"इथं भांड्यांचं कोण बघतं?"

"मी," मामी म्हणाली.

"मी चाळीस वर्षं वॉर्ड चालवला. रुग्णालासुद्धा आम्ही कपात सूप दिलं नाही. वरच्या मजल्यावर मोठ्या प्लेटा फिरतायत, आम्ही बघितल्या जिन्यातून. आम्ही बसल्यावर आमच्यासमोरच्या सोनेरी ताटल्यासुद्धा उचलून नेल्या. का? म्हाताऱ्या बायांना काय कळतंय म्हणून?"

आयुष्यात पहिल्यांदा मामीकडं उत्तर असून तिनं दिलं नाही. दिलं असतं तर मेट्रनबाईंनी तिथंच जावईबापूंना फाडून खाल्लं असतं. पण गोष्ट बाहेर गेली असती, आणि ज्या हॉलमध्ये रंग वाढायला काढला होता तिथं पुन्हा कोण जेवायला येणार? हॉल बसला की लांबी घरी, वस्ताद घरी, वाढपी घरी. शिवाय सोललेले स्टिकर. मामी दातावर दात रोवून उभी राहिली. वस्ताद सांगतात, तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं एवढंच? वय बघून तरी लाज वाटायला हवी होती. मी लेखी देणार आहे."

आणि दिलं. दोन पानं, सुंदर अक्षरात. भांडी सांभाळणाऱ्या उर्मट बाईबद्दल.

सोमवारी जावईबापूंनी ती दोन पानं पुढं टाकून मामीला किल्ली मागितली. रविवारचा घास, सोनेरी साय, काही नाही. फक्त पानं. मामीनं किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली, आपटली नाही. "पहिल्यांदा सांगते आणि शेवटचं," ती म्हणाली. "त्या ताटल्यांत पुन्हा अन्न गेलेलं मला दिसलं, तर त्या बाईंच्या घरचा पत्ता या कागदावर आहे. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे." त्यांनी पानं घडी करून खिशात घातली. नोकरी गेली नाही. मामीला बेसिनावर पाठवलं, लांबीच्या शेजारी. मालकांकडं ती गेली होती एकदा. मालक गुडघ्याला शेक घेत म्हणाले, "जावई आहे गं, काय करू?" मामी पाणीसुद्धा न पिता परत आली.

वस्तादांसह सगळ्यांना सगळं माहीत होतं. कुणी जावईबापूंसमोर तोंड उघडलं नाही.

बेसिनावर तिनं पहिलं काम केलं ते लांबीला शिकवायचं. नवं काही आलं की सोलायच्या आधी एक स्टिकर भिंतीवर चिकटवायचा. चित्र कळत नसेल तर विचारायचं. "आणि मी म्हणाले सोल, तरी विचारायचं. मी म्हणजे काय शहाणी लागून गेले का?" लांबी अजूनही हे सांगताना डोळे पुसते. मामी म्हणते, साबणानं.

खोलीत आता एक नवी मुलगी आहे, ताटल्यांमधे कागद घालत नाही. मामीला बेसिनावरून ते दिसतं. तेव्हा तिच्या तोंडून जे निघतं ते मी लिहीत नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तसंच झालं. दोन पंगती, फुल प्लेटा कमी. जावईबापू स्वयंपाकघरात आले, सोनेरी चळतीकडं बघितलं, आणि म्हणाले, "आजच्यापुरतं..."

वस्तादांनी डाव खाली ठेवला. हात पुसले.

"साहेब, तुमचं ताट आधी लावू?"

वाढपी हसले. जावईबापू गेले. त्या दिवशी पाहुण्यांना अर्धा तास थांबवलं, वरच्या प्लेटा धुवून खाली आणल्या.

वस्ताद खुशीत बेसिनाकडं आले. मामीला कळवावं, दोन कौतुकाचे शब्द ऐकावेत, असा विचार. मामी कोपरापर्यंत फेसात होती. तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

"आणि त्या सोमवारी ही जीभ कुठं ठेवली होतीस, मेल्या?"